मूल शिकायला बाहेर पडलं: महिन्याचे पैसे किती, कसे आणि कधीपर्यंत द्यायचे

बारावी झाली, प्रवेश मिळाला, मुलगी पुण्याला किंवा नाशिकला निघाली की घरात खोलीची चौकशी होते, मेसची होते, ओळखीचं कोण राहतं याचीही होते. पैशांबद्दल मात्र एकच वाक्य बोललं जातं: 'लागतील तसे सांग, पाठवू.' ते मायेपोटीच असतं. पण पुढची चार-पाच वर्षं पैशांचा व्यवहार याच वाक्यावर चालतो. सांगितलं की येतात, मग हिशेब ठेवायचं कारण उरत नाही. आणि एखाद्या महिन्यात सांगायचा संकोच वाटला की खोलीतल्या मित्राकडून उसने घेतले जातात, नाहीतर मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवरून.

नोकरी लागल्यावर मूल पैशांच्या बाबतीत आपोआप शहाणं होईल, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. पहिला पगार वीस तारखेच्या आत संपवणारी चांगली शिकलेली मुलं भरपूर दिसतात. वीस वर्षं त्यांच्या हातात फक्त खर्च करणं होतं, ठरवणं कधीच नव्हतं. म्हणून ठरलेली रक्कम, ठरलेली तारीख आणि दर काही महिन्यांनी खर्चाची एकेक बाब पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवणं, असा क्रम लावावा असं मला वाटतं. हे कसं करायचं ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

निघण्याआधी: खातं, मोबाइल नंबर, कागद

सुट्टीतले दोन महिने यासाठी पुरतात. मुलाचं लहानपणी काढलेलं खातं असेल आणि तो नुकताच १८ वर्षांचा झाला असेल, तर शाखेत जाऊन नवी सही, फोटो आणि केवायसी करून घ्या. सज्ञान झाल्यावर हे करावंच लागतं. केलं नाही तर व्यवहार अडकतात, आणि ते बहुतेक वेळा फी भरायच्या आठवड्यातच लक्षात येतं. १८ पूर्ण नसतील तरी अडचण नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचं बचत खातं काढून स्वतः चालवता येतं, असं रिझर्व्ह बँकेने २०२५च्या एप्रिलमधल्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. रकमेची मर्यादा बँक ठरवते.

बँकेत मुलाला एकट्याला आत पाठवा. स्लिप त्याने भरावी, पासबुक त्याने छापून घ्यावं, एटीएम कार्डाचा अर्ज त्याने करावा. तुम्ही बाकावर बसून राहा.

आता मोबाइल नंबरचं. बऱ्याच घरांत मुलाच्या खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला असतो. त्यामुळे मुलाला स्वतःच्या फोनवर यूपीआय सुरू करता येत नाही, आणि त्याने चहा प्यायला तरी वडिलांच्या फोनवर संदेश येतो. निघण्याआधी तिथे मुलाचा स्वतःचा नंबर लावा. लगेच एवढं मोकळं सोडायची भीती वाटत असेल तर यूपीआय सर्कल ही सोय आहे. त्यात मुलाला त्याच्या फोनवरून तुमच्या खात्यातले पैसे खर्चासाठी वापरता येतात, आणि पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजार रुपयांपर्यंत मर्यादा राहते. पहिल्या एक-दोन महिन्यांसाठी ही सोय ठीक आहे. पुढे ती बंद करा, कारण त्यात पैसे अखेरपर्यंत तुमच्याच खात्यात राहतात आणि शिल्लक सांभाळायची वेळ मुलावर येतच नाही.

पॅन कार्ड काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज करणार असाल तर आधार नेमकं कोणत्या बँक खात्याला जोडलेलं आहे ते तपासा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. मुलं कॉलेजजवळच्या बँकेत दुसरं खातं काढतात, आधार तिकडे जोडलं जातं, आणि मग गावाकडच्या खात्यात शिष्यवृत्ती का आली नाही म्हणून सगळे शोधत बसतात.

कराची एक शंका नेहमी विचारली जाते, तीही इथेच सांगतो. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या पैशांवर मुलाला कर लागत नाही. त्या पैशांवर सज्ञान मुलाने मिळवलेलं व्याज त्याचं स्वतःचं उत्पन्न धरलं जातं. मूल अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असेल तर ते आईवडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

घराचा आकडा मुलाला सांगा

रक्कम ठरवायला बसण्याआधी घरात वर्षाला किती येतात, कर्जाचा हप्ता किती, धाकट्या भावंडाची फी किती, हे मुलाला एका कागदावर दाखवा. 'पोरांना कशाला टेन्शन' म्हणून हे झाकून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पण आकडा माहीत नसलेलं मूल दोनच प्रकारे वागतं. एक तर घरात भरपूर आहे असं समजून खर्च करतं, नाहीतर घरची परिस्थिती आहे त्याहून वाईट समजून जेवणात काटकसर करतं. दुसऱ्या प्रकारची मुलं जास्त आहेत, आणि ती बोलत नाहीत. दुपारी वडापाव आणि रात्री एकच मेसचा डबा दोघांत, असं महिनोन्‌महिने चालतं आणि घरी कळतं ते आजारपणात.

शेतकरी घरांत हा कागद आणखी गरजेचा आहे. सोयाबीन, कापूस, ऊस, कांदा यांचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा, एकरकमी येतात. कॉलेजची फी मात्र जून-जुलैत लागते, म्हणजे पेरणीच्या खर्चाच्या तोंडावर. 'बाबा पैसे का पाठवत नाहीत' याचं उत्तर बऱ्याचदा 'कारखान्याचं बिल अजून जमा झालेलं नाही' एवढंच असतं, आणि ते मुलाला आधी माहीत असावं. अशा घरांनी पीक विकल्यावर मुलाच्या सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकून तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. एकदा हे केलं की हंगाम कसाही गेला तरी मुलाची तारीख चुकत नाही.

रक्कम ठरवणं

खर्चाची यादी मुलाने करायची, तुम्ही तपासायची. खालचे आकडे फक्त नमुन्यादाखल आहेत. शहर, पेठ आणि खोलीत किती जण राहतात यावर ते बरेच बदलतील.

कॉट बेसिसवर खोली ५,०००. दोन वेळची मेस ३,५००. नाश्ता, चहा आणि मेस बंद असते त्या रविवार संध्याकाळचं जेवण १,५००. बसचा पास आणि अधूनमधून रिक्षा ८००. मोबाइल ३००. झेरॉक्स, वह्या, जर्नल ५००. साबण, तेल, धुण्याची पावडर, केस कापणं ५००. आणि ज्याचा हिशेब कुणी विचारणार नाही असा हातखर्च १,०००. बेरीज १३,१००.

इथे बहुतेक घरं थांबतात आणि वर्षातून कधीतरी येणारे खर्च विसरतात. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येण्या-जाण्याचं भाडं, परीक्षेची फी, चष्मा, कपडे, चप्पल, मित्राच्या बहिणीचं लग्न, फोनची फुटलेली काच. यांची वर्षाची बेरीज १८,००० धरली तर महिन्याला १,५०० पडतात. म्हणजे खरी रक्कम १४,६०० झाली. हे १,५०० दर महिन्याला खर्च होत नाहीत, ते साठवायचे असतात. बचत कशासाठी करायची हे मुलाला पहिल्यांदा इथे कळतं. नुसतं 'बचत कर' सांगून ते कळत नाही, दिवाळीचं तिकीट स्वतः काढायचं आहे म्हटल्यावर कळतं.

हातखर्चाचे हजार रुपये काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. सिनेमा, कॅन्टीन, मैत्रिणीचा वाढदिवस हे खर्च होणारच आहेत. त्यांना जागा ठेवली नाही तर ते 'झेरॉक्स'च्या नावाखाली लिहिले जातील आणि मूल हिशेबात खोटं बोलायला शिकेल.

महिन्याचे पैसे पहिल्या दिवशी हातात देऊ नका

महिन्याभराची रक्कम सांभाळणं हे कौशल्य आहे. ज्याने आजवर आठवड्याची रक्कमही सांभाळलेली नाही त्याला ते पहिल्या महिन्यात जमणार नाही. पहिले दोन महिने दर सोमवारी आठवड्याचे पैसे द्या. सोमवार यासाठी की शनिवार-रविवार सर्वांत जास्त खर्चाचे असतात आणि ते शेवटी यावेत. पुढचे दोन महिने पंधरवड्याचे. मग महिन्याचे. आणि शेवटच्या वर्षी जमलं तर सहा महिन्यांचे एकदम.

बाबीही तशाच टप्प्याने सोपवा. पहिल्या सत्रात खोलीभाडं तुम्ही घरमालकाला परस्पर भरा. मेस, नाश्ता, प्रवास, मोबाइल मुलाकडे. दुसऱ्या सत्रापासून भाडंही त्याच्याच हातून जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी कपडे, घरी येण्याचं भाडं, परीक्षा फी. तिसऱ्या वर्षी कॉलेजची फी तुम्ही त्याच्या खात्यात पाठवा आणि भरायची तारीख लक्षात ठेवणं त्याच्यावर सोडा.

सोपवलेल्या बाबीत मग ढवळाढवळ करायची नाही. मेसचे पैसे त्याच्याकडे दिले, तर त्याने महागडी मेस सोडून डबा लावला किंवा तिघांनी मिळून खोलीत स्वयंपाक सुरू केला, तरी वाचलेले पैसे त्याचे. गावी येताना मेसवाल्या काकूंना आधी सांगून खाडे लावले तर ते पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात, हे मुलं फार पटकन शिकतात. एकच अट: ते पैसे स्वतःच्या खिशात राहणार हे त्यांना माहीत हवं. वाचलं म्हणून पुढच्या महिन्यात रक्कम कापली, तर पुन्हा कुणी वाचवत नाही.

वीस तारखेला फोन येईल

तो येणारच. पहिल्या सत्रात निदान एकदा तरी 'पैसे संपले' असा फोन येतो. तेव्हा तुम्ही काय करता यावर पुढची सगळी शिस्त अवलंबून आहे, म्हणून आईने आणि वडिलांनी आधीच आपसांत ठरवून ठेवा. वडील 'नाही' म्हणतात आणि आई मागच्या दाराने हजार पाठवते, हा प्रकार घराघरांत चालतो. यातून मुलाला पैशांचं नियोजन शिकायला मिळत नाही, कुणाला विचारायचं एवढंच कळतं.

माझ्या मते पद्धत अशी असावी. जेवण आणि प्रवास भागेल एवढी रक्कम लगेच पाठवायची, पण उचल म्हणून. पुढच्या दोन महिन्यांत ती निम्मी-निम्मी कापली जाईल हे त्याच फोनवर सांगायचं, आणि खरोखर कापायची. रागवायचं नाही. 'कशावर गेले?' एवढंच विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. बहुतेक वेळा उधळपट्टी झालेली नसते. अंदाज चुकलेला असतो, किंवा मित्राला उसने दिलेले असतात. उसने दिलेले परत मागता येणं हाही मोठा धडा आहे, तो घरून कुणी शिकवत नाही. सलग तीन महिने वीस तारखेला फोन आला, तर रक्कमच कमी ठरली असेल. पुन्हा यादी घेऊन बसा.

तीन गोष्टी या नियमाच्या बाहेर ठेवा: आजारपण, फी आणि सुरक्षितता. रात्री उशीर झाला आणि मुलीला रिक्षाने यावंसं वाटलं तर ते पैसे कुठून, हा विचार तिला करावा लागू नये. यासाठी तीन-चार हजार वेगळे ठेवून द्या. वापरले तर विनातक्रार पुन्हा भरा.

मुलीचा हिशेब वेगळा का?

मुलाला महिन्याची रक्कम मिळते आणि मुलीला 'तुला काय लागेल ते सांग, आणून देतो' असं ऐकायला मिळतं. यात तिला कमी मिळतं असं नाही, काही घरांत तर जास्तच मिळतं. पण तिच्या हातात ठरलेली रक्कम कधी येत नाही. भाडं वडील भरतात, ड्रेस आई घेते, मोबाइल भाऊ रिचार्ज करतो. पंचविसाव्या वर्षी ती चांगल्या पगारावर असते आणि बँकेचे कागद वडिलांकडे असतात. मग लग्न होतं आणि ते कागद नवऱ्याकडे जातात.

मुलाला जो टप्पा, जी तारीख, जी मोकळीक, तीच मुलीलाही. खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं. नॉमिनी म्हणून आईचं नाव लावा, पण पासवर्ड आणि पिन तिच्याशिवाय कुणाकडे नको. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

हिशेब: पाहायचा किती, विचारायचा किती

यूपीआयमुळे दहा-वीस-पन्नास रुपये कसे जातात ते कळत नाही. नोट मोडताना हात जरा थांबतो, स्कॅन करताना थांबत नाही. म्हणून पहिलं वर्षभर मुलाने रोजचा खर्च लिहावा, वहीत किंवा फोनवर, जसं सोयीचं असेल तसं. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट काढून वहीशी ताडून पाहायचं. फरक किती पडतो ते पाहून मूल स्वतःच चकित होतं. त्याच वेळी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीवरही नजर टाकायची. मोफत म्हणून सुरू केलेल्या कुठल्या ना कुठल्या ॲपचे पैसे तिथून दर महिन्याला कापले जात असतात.

वही तुम्ही मागू नका. महिन्यातून एकदा वीस मिनिटं फोनवर बोला आणि चार गोष्टी विचारा. किती उरले? कोणती बाब अंदाजापेक्षा जास्त झाली? कुणाचं देणं-घेणं आहे का? पुढच्या महिन्यात मोठा खर्च कोणता? बस. 'शनिवारी हॉटेलात कुणाबरोबर गेला होतास?' हा प्रश्न पैशांबद्दलचा नाही, तो या फोनमध्ये घुसवू नका.

शिकता शिकता कमाई

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि 'कमवा आणि शिका' हा विचार त्यांच्याच कामातून राज्यभर रुजला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि त्याच्याशी संलग्न अनेक महाविद्यालयांत त्यांच्या नावाची ही योजना आजही आहे. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी तासावर काम मिळतं. रक्कम मोठी नसते, पण काम कॉलेजच्या आवारातच असतं आणि अभ्यासाचे तास सांभाळून होतं. प्रवेश घेतल्या आठवड्यात विद्यार्थी विकास विभागात चौकशी करा, जागा लवकर भरतात.

शिष्यवृत्तीही वेळेत पाहा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्. पात्रता आणि कागदपत्रं दरवर्षी तपासावी लागतात, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा लागतो. हे पैसे बऱ्याचदा उशिरा येतात, तोवर तुम्ही खिशातून फी भरलेली असते. म्हणून आलेली रक्कम कुणाची, हे अर्ज भरतानाच ठरवा. माझं मत विचाराल तर फीचा परतावा घराचा आणि निर्वाह भत्ता मुलाच्या महिन्याच्या रकमेत धरलेला.

मुलाने स्वतः कमावलेले पैसे मात्र महिन्याच्या रकमेतून कापू नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. शिकवणी घेऊन चार हजार मिळवले आणि घरून येणारे चार हजार बंद झाले, तर मेहनत करायचं कारणच संपलं. त्याऐवजी एक बाब त्याच्याकडे सरकवा: 'यापुढे मोबाइल आणि कपडे तुझ्या कमाईतून.'

चार ठिकाणी पाय अडकतात

कर्जाची ॲप्स आधी. आधार-पॅन टाकलं की दहा मिनिटांत पाच हजार येतात, प्रक्रिया शुल्क आधीच कापलेलं असतं आणि परतफेड आठवड्यात मागतात. बेकायदा ॲप्स फोनमधले नंबर आणि फोटो उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना संदेश पाठवतात, फोटो विकृत करून धमकावतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, एकूण व्याज आणि सगळे आकार कर्ज घेण्याआधी लेखी द्यावे लागतात, आणि फोनमधले संपर्क, फोटो घेता येत नाहीत. ॲप संपर्कांची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबायचं, हे मुलाला फोन हातात घेऊन दाखवा. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हेही कर्जच आहे. हप्ता चुकला तर नोंद पतअहवालात जाते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी निघते.

क्रेडिट कार्ड विद्यार्थिदशेत नकोच. नोकरी लागल्यावर घेतलं तर एक गणित सांगून ठेवा. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. दहा हजार थकले तर महिन्याला साडेतीनशे रुपये नुसतं व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. बिलावर ठळक छापलेली 'किमान रक्कम' भरून हे थांबत नाही.

शेअर बाजारातलं फ्युचर्स-ऑप्शन्स. होस्टेलवर हा विषय रोज निघतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाल्याचं दिसलं. एवढा एक आकडा मुलासमोर ठेवा, वाद घालू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यानेच बंदी आणली आहे.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याबद्दल पालकांना सर्वांत कमी माहिती असते. 'तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं सांगणारे लोक कॉलेजांच्या आसपास फिरतात. सायबर फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरवले जातात. खातं गोठतं, पोलिसांची नोटीस मुलाच्या नावाने येते आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. खातं, कार्ड, सिम आणि ओटीपी सख्ख्या मित्रालाही द्यायचा नाही, हे दहा वेळा सांगा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यातलं काही घडलं तर मुलाने पहिला फोन तुम्हालाच करावा, अशी घरातली हवा ठेवा. पाच हजारांचं कर्ज भीतीने लपवलं की ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून दहा हजार घेतले जातात. 'काहीही झालं तरी आधी सांग, रागवणार नाही, मार्ग काढू' हे निघतानाच सांगा आणि ती वेळ आली तर शब्द पाळा.

स्पर्धा परीक्षा: सर्वांत अवघड बोलणं

पदवी झाली, आणि मूल सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत एमपीएससीच्या तयारीला बसलं. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास, टेस्ट सिरीज. खर्च विद्यार्थ्याचाच आहे, वय मात्र पंचवीस-सत्तावीस. इथे बहुतेक घरांत बोलणं बंद पडतं. आईवडील विचारत नाहीत, कारण मुलाला ताण येईल. मूल सांगत नाही, कारण अपराधी वाटतं. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. म्हणजे थांबायची वेळ सरकारी नियम सांगणार नाहीत, ती घरालाच ठरवावी लागते.

तयारी सुरू व्हायच्या आधी, निकालाच्या दिवशी नव्हे, शांतपणे बसून तीन गोष्टी लिहून काढा. घर पूर्ण खर्च किती वर्षं उचलणार: समजा दोन. त्यानंतर एक वर्ष निम्मा खर्च घर आणि निम्मा मूल अर्धवेळ काम करून. त्यानंतर परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण नोकरी सांभाळून. जाहिरात लांबली, परीक्षा पुढे गेली तर सहा महिने वाढवून द्यायचे, हेही त्याच कागदावर. यात मुलाचा अपमान नाही. रक्कम आणि मुदत माहीत असलेलं मूल मोकळ्या मनाने अभ्यास करतं. 'अजून किती वर्षं घरच्यांच्या जिवावर' हा विचार त्याला रोज रात्री एकट्याने करावा लागत नाही.

पहिला पगार

नोकरीचं पत्र आलं की पॅकेजचा आकडा गावभर होतो. हातात येणारी रक्कम वेगळी असते, ती मुलाबरोबर बसून काढा. पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा, कधीकधी वर्षअखेरचा बोनसही धरलेला असतो. पगारातून मुलाचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तो साधारणपणे मूळ वेतनाच्या १२ टक्के. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे सभासदाचा ओळख क्रमांक, आयुष्यभर एकच ठेवायचा आणि नोकरी बदलताना पैसे काढून न घेता पुढे वळवायचे, हे पहिल्याच नोकरीत सांगा.

घरून जाणारी रक्कम कधी बंद होणार हे नोकरी लागण्याआधीच ठरलेलं असावं. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जातो आणि नव्या शहरात खोलीचं डिपॉझिट लागतं. म्हणून पहिला महिना पूर्ण रक्कम, दुसरा महिना निम्मी, तिसऱ्यापासून बंद. डिपॉझिट दिलंत तर ते उसने आहेत असं स्पष्ट सांगून द्या आणि दर महिन्याला थोडे परत घ्या, तुम्हाला गरज नसली तरी. भाडेकरार मुलाच्या नावाने, नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, तोंडी व्यवहारात डिपॉझिट अडकतं.

पहिल्या सहा महिन्यांत गुंतवणुकीची घाई नको. आधी तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत. मग वाटलं तर म्युच्युअल फंडात दर महिन्याला पाचशे रुपयांची एसआयपी, किंवा पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी. ओळखीचे एजंट पहिल्या पगाराच्या महिन्यातच घरी येतात. 'एवढी एक पॉलिसी आमच्याकडून घ्या' या आग्रहाला 'नाही' म्हणायचं काम या वेळी तुम्ही मुलासाठी करू शकता.

शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता पहिल्याच पगारापासून मुलाच्या खात्यातून जाऊ द्या. अभ्यासक्रम चालू असतानाही त्यावर व्याज चढत असतं, फक्त मागितलं जात नाही. शक्य असेल तर शिकत असतानाच शेवटच्या वर्षी मुलाने महिन्याला दोनशे-तीनशे का होईना त्या व्याजापोटी भरावेत. कर्ज आपलं आहे हे त्यातून कळतं.

राहता राहिला घरी पैसे पाठवण्याचा प्रश्न. काही घरांत पगार झाला की निम्मा घरी यावा अशी अपेक्षा असते, काही घरांत मुलाचा एक रुपयाही घ्यायचा नाही असा बाणा असतो. दोन्हीकडे अडचण होते. रकमेऐवजी बाब ठरवा. घरचं वीजबिल, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता किंवा धाकटीची परीक्षा फी, यातली एक बाब मुलाच्या नावावर लिहा. ती त्याच्या खात्यातून जाईल आणि बिलाची तारीख त्यानेच लक्षात ठेवायची. नोकरी गावातच असेल आणि तो घरीच राहत असेल, तर किराणा आणि गॅसपैकी एक त्याच्याकडे द्या, आणि पहिल्या महिन्यात दुकानात तुम्ही सोबत जाऊ नका.